बंड्याचा हात

मृण्मयी खैरनारचे दोन्ही हात तिचे स्वतःचे नाहीत, हे तिला बुधवारी सकाळी अकरा वाजता कळलं. सांगणारं यंत्र होतं. यंत्र काही आवाज चढवत नाही, त्यामुळे तिला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल.

नाशिकच्या कॉलेज रोडवरचं हस्तनोंद केंद्र होतं ते. काउंटरवर एक गुळगुळीत ठोकळा ठेवलेला. तो दोन्ही हातांत धरायचा, दिवा लागेल ते बटण अंगठ्याने दाबायचं, तीन मिनिटांत काम संपलं. तिच्या पुढचे आजोबा नोंद करून, पाणी पिऊन, जिना उतरूनसुद्धा गेले होते. मृण्मयीच्या वेळी मात्र पडद्यावर लाल अक्षरं आली. 'हा हात आधीच नोंदलेला आहे. नाव: बंड्या खैरनार. वय: तेवीस. स्थिती: सक्रिय.'

काउंटरमागच्या पिंगळे मॅडमनी चष्मा वर सरकवला. "तुमचे भाऊ का हे?"

मृण्मयीला एकदम हसू आलं. "अहो नाही! असा कुणी नाहीच आहे."

"आहेत की. आज सकाळी नऊला खेळून गेलेत."

हसण्यासारखं काही नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

आता हा बंड्या कोण, ते सांगायलाच हवं. सिडकोतल्या खैरनारांच्या दोन खोल्यांत तीन पोरं वाढली. थोरली मृण्मयी, मधला तन्मय आणि शेंडेफळ केतकी. वडील लवकर गेले. आई सकाळी बालवाडीत शिकवायची आणि साडेबारापर्यंत घरी यायची. घरात कप फुटला, भिंतीवर रेघोट्या निघाल्या, डब्यातले लाडू कमी झाले, की तिघं एका सुरात सांगायची, "बंड्याने केलं." बंड्या म्हणजे चौथा भाऊ. तो कुणाला दिसत नाही, सदा सहा वर्षांचा असतो आणि सगळे उद्योग तोच करतो. आईही कमाल बाई होती! ती ओरडायची नाही. "बंड्याला सांगा, आज त्याला जेवायला नाही," म्हणायची आणि सगळ्यांना वाढायची.

मृण्मयी तेरा वर्षांची असताना मामाने एक मूठ आणून दिली. मूठ म्हणजे तेव्हा नवीन निघालेलं खेळायचं यंत्र, दोन्ही हातांत धरायचं. तिघांत एक. खातं कुणाच्या नावाने उघडायचं यावरून सकाळपासून जी हाणामारी झाली, ती आईने एका वाक्यात मिटवली. "बंड्याच्या नावाने उघडा आणि मला स्वयंपाक करू द्या." म्हणून खातं बंड्या खैरनारच्या नावाने उघडलं. वय सहा.

घरचा नियम साधा होता: आउट झालास की दे. खातं बंद करायचं नाही, पुन्हा उघडायचं नाही, नुसतं यंत्र पुढच्याच्या हातात द्यायचं. मूठ वर्षानुवर्षं अशी हातोहात फिरली, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

कारण मूठ नुसती खेळायची वस्तू नव्हती, ती हात ओळखायची. त्या काळात पासवर्ड चोरीला जात होते ते जाऊ द्या, चेहरे आणि आवाजसुद्धा चोरीला जायला लागले होते. कुणीही उठावं आणि दुसऱ्याचा चेहरा लावून त्याच्या बायकोशी बोलावं, इथपर्यंत वेळ आली होती. तेव्हा या खेळणीवाल्यांच्या ध्यानात आलं की लाखो पोरं आपली बटणं दाबतात, पण कुणाही दोघांचं दाबणं सारखं नसतं. अंगठा किती जोराने खाली जातो, खाली किती वेळ रेंगाळतो, डोळ्याला दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती क्षण जातात, आणि आपल्यालाही न जाणवणारी एक बारीक थरथर प्रत्येक हातात सेकंदाला दहाएक वेळा कशी चालू असते, हे सगळं ज्याचं त्याचंच असतं. ठसा चोरता येतो. सवय चोरता येत नाही.

फक्त पोरांचे हात वाढतात, ही अडचण होती. आज ओळखलेला हात सहा महिन्यांनी परका वाटायचा आणि पोरं भोकाड पसरायची. म्हणून यंत्राला शिकवून ठेवलं होतं की हात थोडा बदलला तर दार लावू नकोस, नवा हात जुन्यात मिसळून घे. एक खातं म्हणजे एक माणूस, असं त्या हुशार लोकांनी गृहीत धरलं होतं. त्यांच्या घरी बहुधा प्रत्येक पोराला वेगळी खोली असावी. खैरनारांच्या मुठीने तिघांचे हात इमानदारीत मिसळून घेतले आणि त्यांचा एक हात केला. पुढे देशभर हस्तनोंद सुरू झाली, तेव्हा पाया म्हणून अशा खेळांतलेच हात उचलले गेले. बंड्याचाही उचलला गेला.

"पण तो आज सकाळी खेळला कसा?" मृण्मयीने विचारलं.

पिंगळे मॅडम पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. रोज असे दहा लोक रडताना बघितल्यासारखा त्यांचा चेहरा होता. "पडून राहिलेली खाती कंपनी वाया घालवत नाही. नव्या पोरांना सरावाला गडी लागतो ना? हात इतका पाठ असतो की पुढचं बटण कधी आणि कसं दाबेल ते आधीच सांगता येतं. मग तेच दाबायचं. माणूस कशाला हवा?"

"मग तो जिवंत कसा?"

"वर्षभरात ज्या खात्यावर हात चालला, ते खातं जिवंत माणसाचं. नियम आहे तसा. कुणाचा हात, हे नियमात लिहायचं राहिलं बघा."

मृण्मयी ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर होती, नऊ वर्षांपासून. एक तारखेपासून भुलीच्या औषधांचं कपाट फक्त नोंदलेल्या हाताला उघडणार होतं, आणि ज्याची नोंद नाही त्याने थिएटरमध्ये पाऊल ठेवायचं नाही, असं मेट्रनने स्वच्छ बजावलं होतं. कुणाचाही हात चुकला तरी आपला चुकत नाही, एवढी एकच गोष्ट मृण्मयीला स्वतःबद्दल खात्रीने माहीत होती. आता तो हातच एका थापेच्या नावावर होता.

"उपाय एकच," पिंगळे मॅडम म्हणाल्या. "ज्यांच्या ज्यांच्या हातांचा तो बनलाय, त्या सगळ्यांनी एकत्र बसून खातं बंद करायचं. पंच्याण्णव टक्के जुळलं पाहिजे. नाहीतर काय हो, कुणीही येईल आणि कुणालाही पुसून टाकेल."

सगळ्यांनी म्हणजे तन्मयसुद्धा.

जुनी मूठ केतकीकडे होती. केतकी सातपूरला राहायची, घरी केक करून विकायची आणि कुठलीही वस्तू टाकून द्यायची नाही. दुपारी दोघींनी ती मूठ चार्जिंगला लावली आणि 'बघा' असं लिहिलेलं बटण दाबलं. पडद्यावर नदी आली. खेळाचं नाव 'पैलतीर'. अलीकडे शेळ्यांचा कळप, पलीकडे गवत. फळ्या टाकत पूल करायचा आणि शेळ्या पार न्यायच्या. फळी मोडली की आउट.

बंड्या खेळत होता. लातूरच्या कुठल्याशा सात वर्षांच्या मुलीबरोबर.

"अगं बाई!" केतकी ओरडली. "ताई, हे बघ, ही उडी माझी आहे! मी अशीच मारायचे, डोळे मिटून!"

फळ्या रांगेत लावण्याची शिस्त मृण्मयीची होती. शेवटच्या क्षणी वळण्याचा आगाऊपणा तन्मयचा. ओळखीच्या तीन माणसांना एकाच अंगरख्यात चालताना बघावं तसं वाटत होतं. गंमत वाटत होती आणि पाठीवर काटाही येत होता. आणि बंड्या वाढला होता. यंत्राला पोरांचे हात वाढतात हे शिकवलेलं होतं, म्हणून कुणी हात लावला नाही तरी ते बंड्याला दरवर्षी थोडं मोठं करत होतं. त्याच्या हालचाली आता पोरकट राहिल्या नव्हत्या.

मग त्याने एक गोष्ट केली, ती मात्र दोघींनाही ओळखता आली नाही. कळपाच्या मागे एक लंगडी शेळी राहिली होती. तिघांपैकी कुणीही तिला सोडूनच दिलं असतं, गुण काही फार कापले जात नाहीत. बंड्या थांबला. पुढची फळी टाकण्याआधी त्याने ती दोनदा हळूच दाबून बघितली, मडकं घेताना वाजवून बघतात तशी, आणि मग एकदा घट्ट दाबली. शेळी पार होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. लातूरची मुलगी जिंकली.

"हे आपल्यात कोण करायचं?" केतकीने विचारलं.

मृण्मयीने मूठ बंद केली आणि तन्मयला फोन लावला.

चार वर्षांत पहिल्यांदा. आई गेली तेव्हा तन्मय भुजला होता, पवनचक्क्यांच्या कामावर. पहाटे आई गेली आणि तो फोनवर रडत म्हणाला, "ताई, चारपर्यंत पोचतो, काही झालं तरी थांब." थांबते, असं मृण्मयी म्हणाली. काका म्हणाले, उगाच ताटकळत ठेवू नये. एक वाजता आईला अमरधामला नेलं. तन्मय साडेतीनला आला, दारात बूट काढले, आत बघितलं, पुन्हा बूट घातले आणि गेला. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

"तन्मय, मी बोलतेय."

"दिसतंय. नाव आहे अजून फोनमध्ये."

तिने सगळं सांगितलं. पलीकडे वारा ऐकू येत होता.

"म्हणजे तुझ्या नोकरीसाठी यायचं," तो म्हणाला.

"हो. माझ्या नोकरीसाठी ये," ती म्हणाली. खोटं बोलून काही उपयोग नव्हता.

तो आला. शनिवारी सकाळी केंद्रात तिघं एका बाकावर बसली, मध्ये केतकी. तन्मयच्या कानशिलांवर पांढरे केस आले होते आणि ते बघून मृण्मयीला उगीचच अपराधी वाटलं. पिंगळे मॅडमनी मूठ केंद्राच्या यंत्राला जोडली. जुन्या नियमाप्रमाणेच खेळायचं होतं, आउट झालं की द्यायचं. पहिल्या दहा मिनिटांत तिघं अवघडून बसली होती. मग केतकीची फळी मोडली आणि तन्मय नकळत ओरडला, "दे आता, दे, रडीचा डाव नको!" आणि तिघंही हसली.

पडद्यावर आकडा आला. एकाहत्तर टक्के.

"परत करा," पिंगळे मॅडम म्हणाल्या.

परत एकाहत्तर. तिसऱ्यांदाही तेच.

मॅडमनी खात्याचा जुना इतिहास काढला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अजून एक हात आहे यात. एकोणतीस टक्के म्हणजे थोडाथोडका नव्हे. वेळ बघा. रोज दुपारी एक ते तीन. रविवारी नाही. मे महिन्यात नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही. पाच वर्षं."

तेव्हा तिघंही शाळेत असायची. रविवारी घरी, मे महिन्यात घरी, दिवाळीत घरी.

"आई," तन्मय म्हणाला.

"छे!" केतकीचा आवाज फुटला. "ती हातसुद्धा लावायची नाही. मला नाही बाई कळत तुमचं ते, असं म्हणायची ना."

पण तिघांनाही कळलं होतं. बालवाडीतून येऊन, दोन घास खाऊन, रिकाम्या घरात बाई रोज दोन तास शेळ्यांना नदीपार नेत बसायची. पोरं यायच्या आधी मूठ होती तिथे ठेवून द्यायची. मागे राहिलेल्या लंगड्या शेळीसाठी थांबणारी कोण, हे मृण्मयीला आता कुणी सांगायची गरज नव्हती. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि तिचा हात आज सकाळी लातूरच्या एका पोरीशी खेळत होता.

"मग संपलंच," ती म्हणाली. "आई कुठून आणायची?"

पिंगळे मॅडमनी मूठ उलटीपालटी करून बघितली. "एक मार्ग असतो. मी सहसा सुचवत नाही. या मुठीत शिकवणी आहे बघा. पट्टीच्या खेळाडूचा हात नवख्याला शिकवायला ठेवलेली सोय. बटणं आपली आपण खालीवर होतात, आपण नुसते अंगठे टेकवायचे. चौथा हात वेगळा काढून त्यावर लावून देते. तुमच्यापैकी कुणीतरी तो हात शिकून घ्या आणि उरलेलं भरून काढा. मृत्यूचा दाखला आणा, तो भाग तुमच्या आईंच्या नावाने लावावा लागेल. पण एक सांगते, दिवसाला अर्ध्या तासाच्या वर धरू नका. हात फार लवकर शिकतो, आणि शिकलेलं विसरत नाही."

"मी शिकते," मृण्मयी म्हणाली. तिचा हात पुढे झाला होता.

"नाही." तन्मयने मूठ उचलली. "तुझा झालाय शेवटचा तिचा हात धरून. दोघींचा झालाय."

त्याने अंगठे टेकवले. मॅडमनी कळ फिरवली. दोनदा हलकं, मग एकदा घट्ट. तन्मयचा चेहरा आधी नुसता लक्ष देणाऱ्या माणसाचा होता. मग त्या सरकारी बाकावर, चार परक्या माणसांसमोर, तो मोठ्याने रडला. अंगठे मात्र बटणांवरून हलवले नाहीत.

एक तारखेला दहा दिवस होते. तन्मय केतकीकडे उतरला. मृण्मयी ड्यूटी संपली की तिकडे जायची. अर्धा तास वगैरे काही उरलं नव्हतं. सकाळी चहाच्या आधी मूठ हातात, दुपारी जेवण झालं की मूठ हातात. चौथ्या दिवशी केतकीने मृण्मयीला ओट्यापाशी ओढलं.

"ताई, दादा आज पीठ मळत होता. मी नको म्हणत होते. त्याला कधी मळता येत होतं का?"

"कसं मळलं?"

"आईसारखं," केतकी म्हणाली. "बोलत होता क्रिकेटबद्दल. खाली बघतसुद्धा नव्हता."

मृण्मयीने बघायला सुरुवात केली तेव्हा तिला सगळीकडे दिसायला लागलं. तन्मय पेला उचलायचा तो काठाला दोन बोटांनी. कपड्यांच्या घड्या घालताना तळहाताने शेवटची सुरकुती काढायचा. तो हे काही ठरवून करत नव्हता. तोंड तन्मयचं, बोलणं तन्मयचं, तिच्याशी असलेला तुटकपणाही तन्मयचा, आणि मनगटाच्या पुढे दुसरंच कुणीतरी कामाला लागलेलं. थिएटरमध्ये तिने माणसांच्या पोटातलं सगळं बघितलं होतं, कधी घाबरली नव्हती. आपल्या भावाला टॉवेलची घडी घालताना बघून ती घाबरली.

"तन्मय, पुरे कर," सहाव्या दिवशी ती म्हणाली. "नोकरी जाऊ दे माझी. खरंच सांगते. दुसरं काहीतरी बघेन."

"नोकरीचं कोण बोलतंय?" त्याने मान वर केली नाही. पडद्यावर लंगडी शेळी पुलाच्या मध्यावर होती. "ताई, एक विचारू? तेव्हा खरंच काकांमुळे झालं?"

चार वर्षं ती सगळ्यांना हेच सांगत आली होती. काकांमुळे. "काका म्हणाले ते खरं," ती म्हणाली. "पण मी नाही म्हटलं असतं तर ते थांबले असते. मला बघवत नव्हतं रे. रोज दहा माणसं टेबलावर बघते मी, पण तिला तसं पडलेलं नाही बघवलं. ते लवकर संपावं असं वाटत होतं मला. तुझा विचारच आला नाही डोक्यात."

तन्मयने मान डोलावली. पुलावर दोनदा हलकं दाबलं, मग घट्ट.

तीस तारखेला दुपारी तिघं पुन्हा त्या बाकावर बसली. यावेळी चार जणांची पाळी लावायची होती. मृण्मयी, तन्मय, केतकी, आणि मग पुन्हा तन्मय. त्याने दुसऱ्यांदा मूठ घेतली आणि पिंगळे मॅडम पडद्यापासून थोड्या मागे सरकल्या. आकडा चढत गेला. पंच्याऐंशी. नव्वद. शहाण्णव.

'खातं बंद करायचं?' पडद्याने विचारलं. खाली एकच बटण, आणि मूठ मृण्मयीच्या हातात आली.

"थांब," तन्मय म्हणाला. "एक डाव खेळतो. शेवटचा."

केंद्र पाच वाजता बंद होणार होतं आणि भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. उद्या एक तारीख. मृण्मयीने मूठ त्याच्या हातात दिली आणि मांडीवर हात ठेवून बसली. त्याने घाई केली नाही. एक एक शेळी पार नेली. पाचला दहा कमी, पाचला पाच कमी. पिंगळे मॅडमनी शिपायाला खुणेनेच शटर अर्धं ओढायला सांगितलं आणि त्या बसून राहिल्या. पाच वाजून गेले. मृण्मयी 'आवर' म्हणाली नाही. आज दिवस मावळेपर्यंत तो खेळत बसला असता तरी ती म्हणाली नसती.

शेवटची शेळी पलीकडे गेली तेव्हा तन्मयने स्वतःच ते बटण दाबलं. नदी गेली, कळप गेला, बंड्या खैरनार, वय तेवीस, गेला. केतकी हुंदके देत होती. लातूरच्या मुलीला उद्या दुसरा कुणी गडी मिळेल, तिला काही कळणारही नाही.

"आता लगेच तिघांच्या नोंदी करून टाकू," मॅडम म्हणाल्या. मृण्मयीने ठोकळा धरला. हिरवी अक्षरं: मृण्मयी खैरनार. तिचे हात तिचे झाले. केतकीचेही झाले.

तन्मयने ठोकळा धरला. तीन मिनिटं झाली, चार झाली. मग लाल अक्षरं आली. 'नाव: कै. शालिनी खैरनार. मृत व्यक्तीची नोंद करता येत नाही.'

पिंगळे मॅडमनी कपाळाला हात लावला. "तरी मी सांगत होते! आता बँक उघडणार नाही, गाडी चालू होणार नाही, कामावरचं फाटकसुद्धा घेणार नाही तुम्हाला आत. हाताला विश्रांती द्या. दोन महिने, चार महिने, मुठीला शिवू नका. उतरेल."

"उतरवायची घाई नाही," तन्मय म्हणाला. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा इतका निवांत दिसत होता की मृण्मयीला भीतीच वाटली.

बाहेर कॉलेज रोडवर ऊन उतरलं होतं. केतकी रिक्षा बघायला पुढे गेली. ती दोघं केंद्राच्या पायरीवर बसली. आपण आपला हात मिळवला आणि भावाचा घालवला, हे मृण्मयीला नीट कळत होतं. तन्मयचे हात त्याच्या गुडघ्यांवर होते. त्यांत काही नव्हतं, तरी अंगठे हलत होते. दोनदा हलकं, एकदा घट्ट. तो रस्त्याकडे बघत होता, त्याला पत्ताही नव्हता.

तिने त्या हातात आपला हात सरकवला.

"मी थांबायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो. हवं होतंस," तन्मय म्हणाला. तोंड वळवलं नाही. "ते मी विसरणार नाही, ताई. कधीच नाही."

तो हे बोलत असतानाच त्याच्या हाताने तिची बोटं गोळा करून मुठीत घेतली, तळहाताने वरून एकदा सारखी केली आणि तो अंगठा तिच्या मनगटावर हळूहळू फिरत राहिला. केतकी रिक्षा घेऊन आली तरी फिरत राहिला.